अंधाचा सोबती कोणाच्या घरीं वाढावा?

आठवडी बाजारांतील एक देखावा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एक वृद्ध अंध गृहस्थ हळूहळू चालत असतो. त्याच्या हातीं काठीचें एक टोंक असतें आणि दुसरें टोंक धरून आठ-दहा वर्षांचें एक मूल त्याच्या पुढें चालत असतें. भाजीच्या पाट्या, बैलगाड्या, मोटारसायकली, उघडीं गटारें ह्यांतून वाट काढीत ती जोडी पुढें सरकते. लोक वृद्धाकडे पाहून हळहळतात, कोणी एखादें नाणें देतो, आणि जो तो आपल्या बाजारहाटास लागतो. आम्हींहि अनेक वेळां तसेंच केलें आहे. परंतु मागें एकदां आपल्या जिल्ह्यांतील एका गांवच्या बाजारांत, शाळेची घंटा होऊन बराच वेळ झाला असतां, हा देखावा आमच्या दृष्टीस पडला आणि प्रथमच आमचें लक्ष काठीच्या दुसऱ्या टोंकाकडे गेलें. त्या मुलाच्या वयाचीं मुलें त्या क्षणीं वर्गांत पाढे म्हणत असतील. आणि हा मात्र आजोबांचे डोळे होऊन उन्हांत फिरत होता. कींव करावयाची तर ती दोघांचीहि करावयास हवी, हें आपणांस इतके दिवस सुचलें कसें नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटलें व लाजहि वाटली.

ह्या लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें ह्या दुसऱ्या टोंकाविषयीं. जगांत कांहीं देश असे आहेत कीं, तेथें हें काम पुष्कळ अंधांपुरतें एका शिकविलेल्या कुत्र्यानें आपल्या अंगावर घेतलें आहे. तो कुत्रा शिकविणारी संस्था असते हें खरें. परंतु तो घडतो तो तुमच्या-आमच्या घरांसारख्या साध्या घरांत, आणि बऱ्याच वेळां शाळेंत जाणाऱ्या मुलांच्या हातून. ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून ती प्रथम सांगून, मग ती आपल्या जिल्ह्यांत कितपत साधेल ह्याचा विचार करूं.

कुत्र्यानें अंधास वाट दाखवावी ही कल्पना जुनी आहे. पण तिला पद्धतशीर शाळेचें रूप आलें तें पहिल्या महायुद्धांत. डोळे गमावलेले तरुण शिपाई रणांगणावरून जर्मनींत परत येऊं लागले, तेव्हां डॉ. गेर्हार्ड स्टॅलिंग ह्या डॉक्टरानें १९१६ सालीं ओल्डेनबुर्ग गांवीं त्यांच्यासाठीं कुत्रे शिकविण्याची शाळा काढिली. पुढें स्वित्झर्लंडांत राहणाऱ्या डोरोथी युस्टिस ह्या अमेरिकन बाईंनीं जर्मनींतील अशीच एक शाळा पाहिली आणि १९२७ सालीं एका अमेरिकन साप्ताहिकांत तिच्यावर लेख लिहिला. नॅशव्हिल शहरीं मॉरिस फ्रँक नांवाचा एक अंध तरुण राहत असे. त्याच्या वडिलांनीं तो लेख त्यास वाचून दाखविला. ह्या मॉरिसनें वाट दाखविण्यासाठीं एक मुलगा पगारी ठेविला होता, आणि तो मुलगा कंटाळून मधेंच त्यास सोडून निघून जाई! मुलाचा तरी दोष काय? दिवसभर दुसऱ्याचे डोळे होऊन राहणें हें बालवयास झेपणारें काम नव्हे. मॉरिस १९२८ सालीं समुद्र ओलांडून स्वित्झर्लंडला गेला, बडी नांवाची कुत्री घेऊन परतला, आणि न्यूयॉर्कच्या ऐन रहदारीचा रस्ता त्यानें वार्ताहरांच्या देखत तिच्याबरोबर ओलांडून दाखविला. दुसऱ्याच वर्षीं, १९२९ सालीं, ‘पाहणारा डोळा’ अशा अर्थाच्या नांवाची संस्था अमेरिकेंत निघाली. इंग्लंडांत वॉलसी गांवीं १९३१ सालीं पहिले चार कुत्रे तयार झाले, व १९५७ सालीं जपानांत त्या देशांत शिकविलेला पहिला मार्गदर्शक कुत्रा एका अंध गृहस्थाच्या सेवेस रुजू झाला.

आतां हा कुत्रा काय करतो व काय करीत नाहीं, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण त्याविषयीं अद्भुत कल्पनाच अधिक. “मला बाजारांत ने” असें म्हणतांच तो धन्यास बाजारांत नेतो, असें नाहीं. वाट ठाऊक असावी लागते ती धन्यास. कितव्या वळणास वळावयाचें, किती चौक ओलांडावयाचे, हें सर्व धनी मनांत धरून चालतो आणि कुत्र्यास ‘पुढें’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ अशा आज्ञा देतो. कुत्र्याचें काम वाटेंतील विघ्नें टाळण्याचें. खड्डा, खांब, उभी गाडी, डोक्यास लागेल अशी खालीं आलेली फांदी, हीं सर्व त्यानें चुकवावयाचीं. पायरी आली किंवा रस्त्याची कड आली कीं थांबावयाचें. चौकांतील तांबडा व हिरवा दिवा पाहून तो रस्ता ओलांडीत नाहीं. रहदारीचा आवाज ऐकून निघण्याची आज्ञा धनीच देतो. पण त्या आज्ञेनें धन्याच्या जिवास धोका होणार असेल, समोरून मोटार येत असेल, तर तो ती आज्ञा मोडतो व जागचा हलत नाहीं. आज्ञा पाळावयास पुष्कळ जनावरें शिकतात. केव्हां पाळूं नये हें शिकणें अवघड, आणि ह्या कुत्र्याची खरी थोरवी तेथेंच आहे.

हें शेवटलें शिक्षण संस्थेंतील शिक्षक कांहीं महिने खपून देतात. परंतु ज्या पिल्लास माणसांची भीति वाटते, भांडें पडल्याच्या आवाजानें जें पलंगाखालीं दडतें, मांजर दिसतांच जें धांवतें, त्यास जगांतील कोणताहि शिक्षक मार्गदर्शक करूं शकत नाहीं. म्हणून पिल्लूं सुमारें दोन महिन्यांचें झालें कीं तें एखाद्या कुटुंबाच्या स्वाधीन करतात, आणि वर्ष-सव्वा वर्ष तें तेथेंच वाढतें. अमेरिकेंत १९४२ सालापासून खेड्यांतील मुलांच्या शेतकी मंडळांनीं हें काम उचललें. ज्या मुलांनीं वासरें-कोंबड्या वाढवाव्या, त्यांनींच अंधांसाठीं पिल्लें वाढविलीं. इंग्लंडांत १९५६ पासून ही प्रथा रीतसर सुरू झाली. संस्थेचा माणूस मधून मधून येऊन पिल्लूं पाहून जातो. कित्येक संस्था त्याच्या अन्नाचा व औषधपाण्याचा खर्चहि उचलतात. कुटुंबानें द्यावयाचें तें इतकेंच: वेळ, शिस्त व माया.

पण ‘इतकेंच’ म्हणतांना त्यांत किती आलें पाहा! पिल्लानें ताटांतील घांस मागूं नये, म्हणून घरांतील एकानेंहि जेवतांना त्यास तुकडा टाकावयाचा नाहीं. आईनें नको म्हणावें, धाकट्यानें हळूच पोळी द्यावी, आजीनें ‘बिचारें मुकें जनावर’ म्हणून दूधभात घालावा, असें चार दिवस झालें कीं शिस्त संपली. उद्यां हाच कुत्रा धन्यास घेऊन एखाद्या खाणावळींत जाईल आणि शेजारच्या पानाकडे धांव घेईल. एका आज्ञेस घरांतील सर्वांनीं एकच शब्द वापरावयाचा. वडील ‘बस’ म्हणतात, ताई ‘खालीं’ म्हणते आणि दादा नुसताच डोळे वटारतो, हें चालावयाचें नाहीं. त्यानें पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारूं नयेत, ठरल्या वेळीं ठरल्या जागींच शरीरधर्म उरकावा, एकटें ठेविलें तर रडून घर डोक्यावर घेऊं नये. पुन्हां त्यास घरांत कोंडूनहि ठेवावयाचें नाहीं. बाजार, स्टेशन, शाळा, जिने, पाऊस, छत्र्या, गर्दी, हें सारें त्यास धीरानें दाखवावयाचें, म्हणजे मोठेपणीं तें कशासहि बिचकणार नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत असें पिल्लूं वाढत असतें तर त्यास काय काय दाखवावें लागलें असतें? एस. टी. स्टँडवरील गर्दी व कर्ण्याचा आवाज. कापसाच्या हंगामांत जिनिंगपुढें लागलेली गाड्यांची रांग. पोळ्याच्या दिवशीं घुंगुरमाळा वाजवीत, शिंगें रंगवून निघालेले बैल. लग्नाच्या वरातींतील वाजंत्री आणि दिवाळींतील फटाके. ह्या सर्वांतून शांतपणें चालावयास शिकलेला कुत्रा मग कोठेंहि डगमगला नसता.

धीराचें हें शिक्षण कोणत्या उपयोगीं पडतें ह्याचें एक उदाहरण अलीकडचें आहे. ता. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या ज्या उत्तुंग मनोऱ्यांवर विमानें आदळलीं, त्यांपैकीं एकाच्या ७८ व्या मजल्यावर मायकेल हिंगसन हे अंध गृहस्थ काम करीत असत. रोझेल नांवाची त्यांची कुत्री त्यांच्या मेजाखालीं निजली होती. धूर, किंकाळ्या आणि जळक्या तेलाचा दर्प ह्यांतून ती जिना उतरतांना त्यांच्या शेजारून ढळली नाहीं, आणि दोघेंहि सुखरूप बाहेर पडलीं. गंमत अशी कीं, ही कुत्री ढगांच्या गडगडाटास भीत असे! म्हणजे तिला भय ठाऊक नव्हतें असें नाहीं. भय वाटत असतांहि धन्याचा शब्द ऐकावयाचा हें तिला ठाऊक होतें. ह्या धीराचा पाया तिच्या बाळपणीं, तिला वाढविणाऱ्या घरांत घातला गेला होता.

आपल्याकडे म्हण आहे कीं, कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच. शेंपटापुरती ती खरी असेल. कुत्र्यापुरती ती खरी नाहीं. १९९३ सालच्या मुंबईंतील बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांच्या ‘झंजीर’ नांवाच्या कुत्र्यानें स्फोटक द्रव्यांचे मोठाले साठे हुडकून काढून कित्येकांचे प्राण वांचविले, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. आणि २०१८ सालीं आपल्याच जिल्ह्यांत, पांढरकवडा व राळेगांवच्या रानांत टी-१ वाघिणीचा शोध चालला असतां, त्या शोधासाठीं बाहेरून खास कुत्रे आणले होते, हें आपण वर्तमानपत्रांत वाचलेंच आहे. मग आमच्या मनांत असा प्रश्न येतो कीं, चोर, दारूगोळा व वाघीण शोधण्यास आपण कुत्रा कामास लावतों, तर अंधास वाट दाखविण्याच्या कामीं आपल्या देशांत तो इतका दुर्मिळ कां असावा?

ह्या प्रश्नास जीं उत्तरें मिळतात, त्यांचा प्रामाणिकपणें विचार केला पाहिजे.

पहिलें उत्तर असें कीं, आमच्याकडे घरांत माणसें पुष्कळ. कुत्र्याची गरज काय? नातू आहे, सून आहे, शेजारी आहे. हें उत्तर ऐकण्यास गोड आहे. एकत्र कुटुंबाची माया आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु नातवानें प्रेमानें आजोबांचा हात धरणें वेगळें, आणि रोज सकाळपासून सायंकाळपर्यंत काठीचें टोंक धरणें वेगळें. पहिल्यानें मूल मोठें होतें. दुसऱ्यानें तें शाळेंतून नाहींसें होतें. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. पण हातांतील काठी सुटल्यावांचून तो हक्क त्या मुलाच्या हातीं पडावा कसा? शिवाय स्वतः अंध मनुष्यास काय वाटतें हेंहि पाहिलें पाहिजे. बाहेर जावेंसें वाटलें कीं दर वेळीं कोणाची तरी सवड पाहावयाची, ह्याइतकें मनास खचविणारें दुसरें कांहीं नसेल. आपल्या विदर्भांतील प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ह्यांची दृष्टि अगदीं तान्हेपणींच गेली. तरी त्यांनीं शंभराहून अधिक ग्रंथ रचिले. बुद्धीला वाट दाखविणारा त्यांस लागला नाहीं. पण पायांस वाट लागतेच; आणि ती ज्याची त्यास, ज्या वेळीं हवी त्या वेळीं मिळणें ह्यासच स्वातंत्र्य म्हणतात.

दुसरें उत्तर असें कीं, कुत्रा अमंगळ. तो घरांत, देवळांत, दुकानांत कसा चालेल? ह्यास आम्ही शास्त्रार्थानें उत्तर देत नाहीं. स्वर्गाच्या दारीं पोंचल्यावरहि बरोबर आलेल्या कुत्र्यास सोडण्याचें नाकारणारा धर्मराज, आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव महाराज, ह्यांच्या कथा आपण मुलांस सांगतों. त्या कथा खऱ्या मानावयाच्या कीं नुसत्या सांगावयाच्या, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

तिसरें उत्तर अधिक बळकट आहे, आणि तें आम्ही मान्य करतों. उद्यां कोणी पूर्ण शिकविलेला कुत्रा आणून आपल्या गांवीं एखाद्या अंध बंधूच्या हातीं दिला, तर तो काम करूं शकेल काय? आमच्या मतें आज तरी नाहीं. रस्त्याच्या कडेनें चालण्यास जागा नाहीं. असली तर तीवर दुकान मांडलेलें किंवा गाडी उभी केलेली. चौकाचौकांत मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या. परका कुत्रा दिसतांच त्या त्याच्यावर तुटून पडणार. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेला कीं डांबराचा रस्ता असा तापतो कीं, अनवाणी पावलांस—मग तीं माणसाचीं असोत कीं कुत्र्याचीं—फोड यावे. आणि सर्वांत मोठें विघ्न म्हणजे आपण स्वतः. कामावर असलेल्या कुत्र्यास कोणी हात लावूं नये, हांक मारूं नये, खावयास देऊं नये हा पहिला नियम. आणि आपल्याकडे तर कुत्रा दिसला कीं कोणी चुचकारतो, कोणी बिस्किट टाकतो, कोणी दगड उचलतो. बिस्किट आणि दगड ह्या दोहोंनींहि अंधाचा घात होतो, कारण दोहोंनींहि कुत्र्याचें लक्ष वाटेवरून उडतें.

ह्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, पिल्लूं मागाहून येईल. प्रथम घर आणि रस्ता तयार झाला पाहिजे. कोणी म्हणेल, मग हा लेख कशास? तर ह्यासाठींच. जपाननें १९५७ सालीं पहिला कुत्रा शिकविला, पण अशा कुत्र्यांस सार्वजनिक ठिकाणीं मज्जाव करूं नये असा खास कायदा तेथें २००२ सालीं झाला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत एकेक घर, एकेक दुकान, एकेक गांव शिकत गेलें असलें पाहिजे. आपल्या देशांत दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. सार्वजनिक इमारती, रस्ते व वाहनें त्यांस सुगम व्हावीं असें तो सांगतो. कायदा झाला, म्हणजे आपल्याकडे आरंभ वरून झाला आहे. खालचा, घराचा व रस्त्याचा आरंभ आपण करावयाचा आहे. आणि तो करण्यास पैसा फारसा लागत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, एक प्रयोग करा. शिक्षकांच्या परवानगीनें एकानें डोळ्यांस रुमाल बांधावा, दुसऱ्यानें त्याचा हात आपल्या कोपरावर ठेवून त्यास वर्गापासून फाटकापर्यंत न्यावें. मग अदलाबदल करावी. वाटेंत आडवी टाकलेली सायकल कोणाची होती, ओसरीवर पसरलेलीं दप्तरें कोणाचीं होतीं, पायरीचा टवका केव्हांचा उडाला आहे, हें सारें तुम्हांस त्या दहा मिनिटांत कळेल. वर्षभर डोळे उघडे ठेवून तें कळलें नव्हतें. अंधास ओढूं नये, ढकलूं नये; आपलें कोपर त्यास धरूं द्यावें व पायरी आली कीं तोंडानें सांगावें, हेंहि त्यांतच शिकतां येईल.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलांस पिल्लूं हवें असतें, आणि आपण एक तर नाहीं म्हणतां किंवा आणून देतां व विसरतां. तें आणावयाचें असेल तर ह्या अटीवर आणावें कीं, त्याची लस वेळेवर टोंचली जाईल, त्यास रस्त्यावर सोडलें जाणार नाहीं, आणि घरांतील सर्व माणसें त्याच्याशीं एकाच नियमानें वागतील. गल्लींतील कुत्र्यांस दगड मारण्याऐवजीं त्यांच्या लसीकरणास व नसबंदीस गांवानें साहाय्य करावें. ज्या घरानें एक गांवठी पिल्लूं नीट वाढविलें, तें घर उद्यां अंधासाठीं पिल्लूं वाढविण्यास निम्में तयार झालें असें समजावें.

उरलेलें निम्में मात्र कठीण आहे. तें म्हणजे देऊन टाकणें. वर्ष-सव्वा वर्ष ज्यास अंगाखांद्यावर खेळविलें, आजारपणांत ज्याच्या उशाशीं रात्र काढिली, तें एके दिवशीं संस्थेची गाडी येऊन घेऊन जाते. दाराशीं त्याचें ताटलें तसेंच राहतें. “हा मुलांवर जुलूम नव्हे काय?” असें एका पालकांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं कांहीं वेळ गप्प राहिलों, कारण प्रश्न खोटा नव्हता. मुलें रडतात, मोठीं माणसेंहि रडतात. परंतु विचार करतां असें वाटतें कीं, आपल्या लोकांस हें दुःख अगदींच परकें नाहीं. लेकीची पाठवणी करणारा बाप, शेजारणीचें पोर तान्हेपणीं सांभाळून तिचें तिला परत देणारी म्हातारी, दर वर्षीं मार्च महिन्यांत वरचा वर्ग निरोप घेऊन जातांना पाहणारा शिक्षक, हे सर्व तेंच करीत असतात. आपण ज्यास वाढवितों तें आपल्यासाठींच वाढवितों असें नव्हे, हें मुलास पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं. अशा पिल्लानें तें शिकवावें.

शिवाय प्रत्येक पिल्लूं शेवटीं मार्गदर्शक होतेंच असें नाहीं. बरींच पिल्लें परीक्षेंत मागें पडतात. कोणी फार भित्रें निघतें, कोणाच्या सांध्यांत दोष निघतो. त्यांस दुसरें काम किंवा दुसरें घर मिळतें, बऱ्याच वेळां वाढविणाऱ्या घरींच परत येण्याची संधि मिळते. तेवढ्यानें त्या कुटुंबाचे श्रम वायां गेले असें कोणी मानीत नाहीं. आपल्याकडे परीक्षेंत मागें पडलेल्या मुलाकडे आपण ज्या दृष्टीनें पाहतों, तिची तुलना आमच्या वाचकांनीं मनांतल्या मनांत करून पाहावी.

मुंबईंत मिस ॲना मिलार्ड ह्यांनीं १९०० सालीं अंध मुलांसाठीं शाळा काढिली, तेव्हां अंधास लिहावयास-वाचावयास शिकविणें हेंच पुष्कळांस वेडेपण वाटलें असेल. वर्धा नदीच्या पलीकडे वरोऱ्यास बाबा आमट्यांनीं उभारलेल्या आनंदवनांत आज अंध मुलांची शाळा आहे. आणि आपल्या जिल्ह्यांतील वणीहून वरोरा कांहीं दूर नाहीं. बोटांनीं वाचणारीं हीं मुलें शिकून बाहेर पडतात, तेव्हां पुस्तक त्यांच्या हातीं आलेलें असतें, पण रस्ता आलेला नसतो. पुस्तक देण्याचें काम आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनीं केलें. रस्ता देण्याचें काम आपल्या वांट्यास आलें आहे.

तें काम पांढऱ्या काठीनें होवो, चांगल्या पाऊलवाटेनें होवो कीं शिकविलेल्या कुत्र्यानें होवो, आमचा आग्रह एकाच साधनाचा नाहीं. आमचा आग्रह इतकाच कीं, काठीचें दुसरें टोंक लहान मुलाच्या हातीं राहूं नये. बाजारांत तो मुलगा आम्हांस पुन्हां दिसला, तर त्याला नाणें देऊन पुढें जावयाचें नाहीं, त्याची शाळा कोणती हें विचारावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. वाचकांपैकीं ज्यांना तो आधीं दिसेल, त्यांनीं आधीं विचारावें.